जुने ‘सेसमी स्ट्रीट’ की नवे? लहानांच्या कार्यक्रमावर मोठ्यांच्या आठवणींचा हक्क किती?

रेवती_एडिसन (प्रश्न)

मी शाळेत जाऊ लागण्याच्या आधीच आई-बाबांबरोबर न्यू जर्सीला आले. ते १९८० चे दशक होते, घरात मराठीशिवाय दुसरे काही बोलले जात नसे, आणि इंग्रजीची माझी पहिली शिकवणी पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीवरच्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमाने घेतली. लुईस आणि मारिया यांचे दुरुस्तीचे दुकान, गॉर्डन आणि सुझन यांच्या घरापुढच्या पायऱ्या, कचऱ्याच्या डब्यात राहणारा कुरकुऱ्या ऑस्कर आणि पिनबॉलच्या चेंडूबरोबर आकडे मोजायला लावणारे ते चलचित्र हे सगळे मला आजही तोंडपाठ आहे. माझ्या प्रश्नातला कल वाचकांना आधीच कळावा, म्हणून हे सांगून ठेवते.

माझा मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आणि त्याच दिवशी पीबीएसवरही येऊ लागलेले नवे भाग मी त्याच्याबरोबर पाहिले. मध्यभागी अकरा मिनिटांची एक सलग गोष्ट आणि आजूबाजूला एल्मो, कुकी मॉन्स्टर या बाहुल्यांचे ठरलेले तुकडे, अशी त्यांची रचना आहे. मुलाचे त्यात छान मन रमते. मला मात्र ते सगळे फार गुळगुळीत वाटते. ती धुळकट गल्ली, मुलांशी मुलांसारखे न बोलणारी ती मोठी माणसे आणि मोठ्यांनाही हसू येईल असे ते विनोद कोठे गेले, असा प्रश्न पडतो. नवऱ्याचे म्हणणे असे, की मी कार्यक्रम मुलाला दाखवत नसून स्वतःलाच दाखवते आहे.

त्यातच एक गोष्ट खटकली. २००६ मध्ये जुन्या भागांचे डीव्हीडी संच निघाले, त्यांच्या सुरुवातीला अशा आशयाची सूचना आहे, की हे भाग मोठ्यांसाठी असून आजच्या बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या गरजांना ते अनुरूप नसू शकतील. ज्या भागांनी आमची पिढी शिकली, तेच भाग मुलांसाठी योग्य नाहीत असे खुद्द निर्मात्यांनी म्हणावे, हे मला उमजत नाही. शिक्षण, करमणूक आणि आमच्यासारख्या जुन्या प्रेक्षकांची ओढ यांचा मेळ हे लोक नेमका कशाच्या आधारावर घालतात? आणि मुलाला जुने भाग दाखवावेत की नाही?


पाटीपेन्सिल

रेवतीताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर या कार्यक्रमाच्या जन्मातच सापडते, त्यामुळे थोडे मागून सुरू करतो. माझा व्यवसाय बालशिक्षणाचा असल्याने प्रतिसाद लांबला तर सांभाळून घ्यावे.

जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी १९६८ मध्ये ‘चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था उभी केली आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी कार्यक्रम सुरू झाला. गरीब घरातली मुले पहिलीत येतानाच मागे पडलेली असतात, ती दरी दूरचित्रवाणीने थोडी तरी बुजवता येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. आरंभापासून अभ्यासक्रम ठरवणारे, लेखन-निर्मिती करणारे आणि मुलांवर चाचण्या घेणारे अशा तिघांना एका मेजावर बसवले गेले. अभ्यासक्रमाची बाजू हार्वर्डचे जेराल्ड लेसर सांभाळत, तर संशोधनाची बाजू एडवर्ड पामर यांच्याकडे होती. पामर यांची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. खोलीत दूरचित्रवाणी संचावर कार्यक्रमाचा तुकडा लावायचा आणि शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रे दाखवायची. मुलाची नजर संचावरून ढळून चित्राकडे गेली, की निरीक्षकाने त्या क्षणाची नोंद करायची. जेथे नजर ढळते तेथे तुकड्यात काहीतरी उणे आहे, इतका हा सरळ हिशेब होता. लेखकाला तो प्रसंग कितीही प्रिय असला, तरी त्या नोंदीपुढे त्याचे फारसे चालत नसे.

तुम्हाला आवडणारी गल्ली याच हिशेबातून घडली, हे अनेकांना माहीत नसते. कल्पित आणि वास्तव यांची मुलांच्या मनात सरमिसळ होऊ नये, म्हणून मपेट बाहुल्या आणि माणसे यांना एकत्र आणू नका, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. १९६९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पाच भागांची चाचणी झाली, तेव्हा बाहुल्या दिसत तोवर मुले खिळून राहत आणि गल्लीतली माणसे बोलू लागली की चुळबुळू लागत. तेव्हा सल्ला बाजूला ठेवून गल्लीत वावरतील अशी पात्रे तयार करण्यात आली. बिग बर्ड आणि ऑस्कर हे त्या निर्णयाचे फळ आहे. थोडक्यात, आज जे जुन्या चाहत्यांचे श्रद्धास्थान झाले आहे, तेही त्या काळी मुलांच्या चुळबुळीमुळे केलेला बदलच होते.

जुने भाग संथ होते, ही समजूतही जरा तपासून पाहायला हवी. १९७० च्या दशकात याच कार्यक्रमावर टीकाकारांचा आक्षेप होता, तो त्याच्या वेगाबद्दल. जाहिरातींच्या धर्तीवर तासाभरात कितीतरी छोटे तुकडे एकामागून एक येत आणि गल्लीतली गोष्टही तुकड्यांमध्ये वाटलेली असे. पुढे प्रेक्षकांचे वय खाली सरकले आणि दोन-दोन वर्षांची मुलेही पाहू लागली. तासाच्या शेवटच्या भागात या लहानग्यांचे लक्ष टिकत नाही असे दिसले, म्हणून १९९८ मध्ये ‘एल्मोचे जग’ हा एकाच साच्याचा पंधरा मिनिटांचा भाग शेवटी जोडण्यात आला, आणि २००२ मध्ये गल्लीची गोष्ट तुकडे न करता सलग सांगण्यास सुरुवात झाली. एल्मो कर्कश आहे, त्याने कार्यक्रम गिळला, अशी जुन्या चाहत्यांची तक्रार मी असंख्य वेळा वाचली आहे. ती मोठ्यांच्या कानांपुरती खरी असेलही, पण दोन वर्षांच्या मुलाला तेच ते पुन्हा ऐकण्यात जो आनंद मिळतो, तो आपल्या कानांना कळत नाही. ‘ब्लूज क्लूज’ या १९९६ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाने तर एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवण्याचा निर्णय घेतला. पालक वैतागले असतील यात शंका नाही, पण अभ्यासात असे दिसले, की पुनरावृत्तीने मुलांचे आकलन वाढते आणि ती कंटाळण्याऐवजी पडद्याकडे पाहून अधिक मोठ्याने उत्तरे देऊ लागतात.

आता तुमच्या ‘मोठ्यांनाही हसू येईल’ या मुद्द्याकडे येतो. ते विनोद मोठ्यांना खूष करण्यासाठी नव्हते, निदान केवळ त्यासाठी तरी नव्हते. पहिल्या हंगामानंतर ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ने केलेल्या मूल्यमापनात असे आढळले, की ज्या मुलांच्या आया सोबत बसून पाहत आणि पाहिलेल्यावर मुलांशी बोलत, ती मुले अधिक शिकली. नामवंत पाहुणे, लोकप्रिय मालिकांची विडंबने, दोन अर्थांची गाणी ही सगळी आईला स्वयंपाकघरातून बाहेर आणून मुलाशेजारी बसवण्याची युक्ती होती. म्हणून माझ्या मते मोठ्यांच्या आठवणींचे स्थान अगदी ठरलेले आहे. त्या आठवणीच्या ओढीने पालक मुलाशेजारी येऊन बसला तर ती शिक्षणाला मदत करते, आणि मुलाने काय पाहावे हे तीच ठरवू लागली तर अडथळा होते.


उलटतपासणी

पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून असा समज होतो, की प्रत्येक बदल मुलांच्या नजरेची नोंद पाहून झाला. तसे नाही. २०१५ मध्ये संस्थेने एचबीओ या सशुल्क वाहिनीशी करार केला, नवे भाग आधी तेथे आणि नऊ महिन्यांनी पीबीएसवर असा क्रम ठरला, आणि जानेवारी २०१६ पासून तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला. डीव्हीडीची विक्री घसरली होती आणि तिच्यावर संस्थेचा मोठा खर्च चालत होता, हे त्यामागचे उघड कारण होते. गरीब मुलांसाठी जन्मलेला कार्यक्रम पैसे भरणाऱ्यांच्या घरी नऊ महिने आधी पोहोचू लागला, तेव्हा जुन्या चाहत्यांनी केलेला आरडाओरडा निव्वळ हळवेपणाचा नव्हता. २०१६ मध्येच बॉब, लुईस आणि गॉर्डन या गल्लीतल्या माणसांच्या भूमिका दशकानुदशके करणाऱ्या नटांना नव्या भागांसाठी बोलावले गेलेले नाही, ही बातमी बाहेर आली, आणि संस्थेला खुलासा करावा लागला तो याच मोठ्या प्रेक्षकांच्या रोषामुळे. तीन वर्षांची मुले निवेदने काढत नाहीत. अशा वेळी त्यांच्या वतीने बोलायला ज्यांना आठवण आहे अशीच माणसे उरतात.

दुसरे असे, की साडेसात सेकंदांच्या चित्रांची पद्धत लक्ष मोजते. लक्ष म्हणजे शिकणे नव्हे, हे पामर यांनाही ठाऊक होते आणि म्हणून आकलनाच्या चाचण्या वेगळ्या घेतल्या जात. पण मोजता येते तेच हळूहळू महत्त्वाचे ठरू लागते. गल्लीतला एखादा म्हातारा दुकानदार मुलाशी सरळ, लाडिक सूर न लावता बोलतो, यातून मूल काय घेते, हे कोणत्या चाचणीत येणार?

आणि पुराव्याचीच गोष्ट निघाली आहे, तर मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांचा २०१५ चा अभ्यास आठवून पाहावा. १९६९ नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या काही शहरांत हा कार्यक्रम व्हीएचएफ वाहिनीवर स्वच्छ दिसे आणि काही ठिकाणी यूएचएफ वाहिनीवर मुंग्यांसकट दिसे किंवा दिसतच नसे. कोणाकडे काय दिसावे हे पालकांच्या हातात नव्हते, त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. जेथे स्वच्छ दिसत होते, तेथली मुले वयानुरूप इयत्तेत असण्याचे प्रमाण अधिक निघाले. हा लाभ कोणत्या भागांचा होता? रेवतीताई ज्यांच्याबद्दल विचारत आहेत त्या जुन्या भागांचा, ज्यांच्यावर आज ‘मोठ्यांसाठी’ अशी चिठ्ठी लावली आहे.


पाटीपेन्सिल

पैशाचा मुद्दा मान्य आहे, पण अभ्यासाचा अर्थ मी वेगळा लावतो. त्या मुलांपैकी बहुतेकांना बालवाडी मिळतच नव्हती. ज्याच्या पानात काहीच नाही त्याला जे वाढले त्याचा उपयोग झाला, यावरून तोच पदार्थ आज सर्वोत्तम आहे असे सिद्ध होत नाही. आज त्या वयाची कितीतरी मुले शाळेत अक्षरे शिकून घरी येतात, आणि म्हणूनच अलीकडचे हंगाम भावना ओळखणे, धीर धरणे, राग आवरणे याकडे वळलेले दिसतात. कुकी मॉन्स्टरला बिस्किटासाठी थांबायला शिकवणारे तुकडे पाहून जुने चाहते नाके मुरडतात, पण त्यामागे हा विचार आहे.

चिठ्ठीचे कारणही साधे आहे. जुन्या भागांत अनोळखी माणसाचा हात धरून मूल त्याच्या घरी जाते, मुले बांधकामाच्या ढिगाऱ्यावर खेळतात, कुकी मॉन्स्टर तोंडात पाइप धरून येतो. तेव्हा त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.


निवृत्त_बाई_पुणे

सर्वांची चर्चा आवडीने वाचली. मी पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्यामुळे थोडे आपल्याकडचे सांगते. येथे कोणी बालचित्रवाणीचे नाव काढले नाही, याचे नवल वाटले.

१९८४ साली पुण्यात सुरू झालेल्या या शासकीय संस्थेचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत आणि शाळेत एकच संच असला तर दोन-तीन वर्ग एका खोलीत दाटीवाटीने बसवावे लागत. आज चाळिशीतल्या कोणत्याही मराठी माणसापुढे हा विषय काढा, तो लगेच तिची शीर्षकधून गुणगुणू लागेल. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मुद्दाम विचारले, की धुनेनंतर काय पाहिलेत ते सांगा. बहुतेकांना सांगता आले नाही. एकाला कागदाचे काहीतरी करून दाखवत असत एवढे आठवत होते. काही कार्यक्रम खरोखर चांगले होते, हे मी शिक्षिका म्हणून सांगते, पण पाठ्यपुस्तकातला धडाच कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवणारेही पुष्कळ होते, आणि मुलांची नजर कोठे ढळते हे पाहायला आमच्या वर्गात कधी कोणी आल्याचे मला स्मरत नाही. २०१७ मध्ये संस्था बंद झाली, तेव्हा हळहळ खूप व्यक्त झाली. त्या हळहळीतून नवा कार्यक्रम मात्र निघाला नाही. अमेरिकेतली मंडळी निदान जुन्याशी तुलना करून भांडू शकतात, कारण त्यांच्याकडे नवे काहीतरी सतत तयार होत राहिले. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा माझ्या शेजारची मुले ती आवडीने पाहत, कारण तीत शिक्षकाऐवजी घरातली माणसे आणि मुले मिळून काहीतरी करून पाहत.

आपल्याकडे शिक्षण, करमणूक आणि आठवण या तिन्ही गोष्टी जुळून आल्याचे उदाहरण विचाराल, तर मी विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा चलचित्रपट सांगेन. मुळेबाई तेव्हा दिल्लीत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या केंद्राचे काम पाहत होत्या, रेखाटनाची बाजू भीमसेन यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. सात-आठ मिनिटांचा जीव, पण ‘एक’ आणि ‘अनेक’ म्हणजे काय हे लहान भाऊ ताईला विचारतो, ती चिमण्यांची आणि जाळ्याची गोष्ट सांगते, आणि शिकवण गोष्टीतून वेगळी काढताच येत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना शीर्षकच काय, आख्खी गोष्ट आठवते. कोणत्या आठवणीला मान द्यायचा, हे मी यावरून ठरवते.


गल्लीकर

निवृत्त बाईंच्या यादीत एक भर घालतो. २००६ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’चीच हिंदी आवृत्ती ‘गली गली सिम सिम’ आपल्याकडे आली होती. त्यात शाळेच्या गणवेशातली चमकी होती आणि बूमबा नावाचा सिंह होता. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींचे ओझे तिच्यावर अजिबात नव्हते, तरीही ती घराघरांत रुजली असे म्हणता येणार नाही. तेव्हा आठवणी नसणे हेही काही वरदान नव्हे. ज्या आई-बापांनी स्वतः लहानपणी पाहिलेले असते, ते मुलाला आपणहून तेथे आणून बसवतात. आपल्या चमकीला ती आयती पिढी मिळाली नाही.


रेवती_एडिसन

सर्वांचे आभार. निवृत्त बाईंची कसोटी मी स्वतःला लावून पाहिली. पिनबॉलचे गाणे मला पूर्ण येते, आणि आकडे मी त्यातूनच शिकले, त्यामुळे ते तरी उत्तीर्ण झाले असे मानते. मुलाला नवे भाग दाखवत राहीन आणि जुन्यांतले निवडक तुकडे सोबत बसून दाखवीन, असे ठरवले आहे.

एक पुढचा प्रश्न आहे. माझे सासरे गेल्या महिन्यात नाशिकला वारले. मुलगा रोजच्या व्हिडिओ कॉलच्या वेळी ‘आजोबा कधी येणार’ असे विचारतो. दुकानदार मिस्टर हूपर यांच्या मृत्यूचा जुना भाग मला आठवतो. तो त्याला दाखवावा का, की हा पुन्हा माझ्याच आठवणीचा हट्ट आहे?


पाटीपेन्सिल

रेवतीताई, आपल्या सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटले.

तो भाग दाखवायला हरकत नाही, किंबहुना तो इतर जुन्या भागांपेक्षा वेगळा आहे, कारण तो तयार करतानाच फार काळजी घेतली होती. हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणावा किंवा हूपर गाव सोडून गेले असे सांगावे, हे सोपे मार्ग होते. ते न घेता तज्ज्ञांशी बोलून भाग लिहिला गेला, मुलांना दाखवून पाहिला गेला, आणि पालक घरी असतील अशा बेताने १९८३ च्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुटीच्या दिवशी प्रक्षेपित झाला. बिग बर्ड सर्वांची चित्रे काढून वाटतो, हूपर यांचे चित्र हातात उरते, ‘ते परत आले की देईन’ असे तो म्हणतो, आणि मोठी माणसे त्याला स्पष्टपणे सांगतात की ते वारले आहेत आणि परत येणार नाहीत. तुमच्या मुलाचा प्रश्न नेमका हाच आहे. आजारपण, म्हातारपण आणि स्वर्ग यांचा उल्लेख त्यात जाणूनबुजून टाळलेला आहे, त्यामुळे पुढचे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे सांगायला जागा उरते.

मात्र असे प्रत्येक वेळी साधले नाही. १९९२ मध्ये याच मंडळींनी स्नफी या बाहुलीच्या आई-बाबांच्या घटस्फोटाचा भाग चित्रित केला, मुलांना दाखवला, आणि मुले घाबरली. आई-बाबा भांडले म्हणजे ते वेगळे होणार, असा अर्थ त्यांनी काढला. पूर्ण झालेला भाग कपाटात गेला आणि कधीच प्रक्षेपित झाला नाही. म्हणून तुम्हीही आधी एकट्याने हूपर यांचा भाग पुन्हा पाहा. दाखवताना सासूबाई व्हिडिओ कॉलवर नसतील अशी वेळ निवडा, कारण त्या रडल्या तर मुलाचे सगळे लक्ष तिकडे जाईल. दूरचित्रवाणी बंद केल्यावर तो काही बोलला नाही तर लगेच विचारू नका. या वयाची मुले दोन-तीन दिवसांनी, बहुधा आंघोळीच्या किंवा जेवणाच्या वेळी, तोच प्रश्न पुन्हा काढतात, आणि तेव्हा ‘वारले’ हाच शब्द वापरा, ‘देवाघरी झोपले’ असे म्हणू नका, नाहीतर रात्री झोपायला घाबरेल.